वार्ता कुठे संपते?

सूर्य मावळला आहे, चंद्र उजळला आहे आणि पाखरे घरट्यांकडे निघाली आहेत, एवढेच सांगणारे एक साधे संस्कृत वाक्य आपल्या काव्यशास्त्रात काही शतके वादात राहिले. भामहाने ‘काव्यालंकारा’त ते पुढे ठेवले आणि विचारले, याला काव्य म्हणायचे का? त्याचे उत्तर स्पष्ट होते: ही नुसती वार्ता. सांगण्यात वळण नाही, वक्रता नाही. जे दिसले ते दिसले तसे सांगून झाले. दंडीने ‘काव्यादर्शा’त तेच वाक्य उचलले आणि ते चांगले ठरवले. वेळ कोणती झाली हे कळवायचे असेल तर हे वाक्य योग्यच आहे, असा त्याचा कौल. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने त्यातला सूर्य मावळल्याचा पहिला तुकडा तेवढा घेतला आणि वादाची दिशाच बदलली. हेच शब्द सेनापतीने उच्चारले तर शत्रूवर तुटून पडायची वेळ झाली. मजूर म्हणाला तर काम थांबवू या. गुराखी म्हणाला तर गुरे घराकडे वळवा, दुकानदार म्हणाला तर मांडलेला माल आवरा, आणि वाट पाहणारी स्त्री म्हणाली तर यायचा होता तो अजून आला नाही.

शब्द तिघांच्याही हाती तेच होते. एकाला त्यात वार्ता दिसली, दुसऱ्याला कामाला पुरेसे वाक्य दिसले आणि तिसऱ्याला त्या वाक्यामागे उभी असलेली माणसे दिसली. मला हा वाद मोलाचा वाटतो तो त्यातल्या निकालासाठी नव्हे. साहित्य आणि रोजचे लेखन यांच्यातला फरक शब्दांच्या यादीत शोधून सापडणार नाही, ही गोष्ट आपल्या परंपरेने इतक्या लवकर आणि इतक्या साध्या उदाहरणावर ओळखली होती, यासाठी.

हे पुस्तक त्याच प्रश्नाला मराठी मजकुराच्या बाजूने भिडते. पुढच्या पानांवर खरेदीखते आहेत, पंचनामे आहेत, जाहीर नोटिसा, व्यापाऱ्यांची पत्रे, लष्करी अहवाल आहेत आणि त्यांच्या शेजारी ओव्या, कविता, आठवणी, कथा-कादंबऱ्यांतले उतारे आहेत. जोड्या लावताना एक पथ्य पाळले आहे: दोन्ही मजकुरांचा विषय शक्यतो एकच असावा. पावसाची बातमी आणि पावसाची कविता, घराचा पंचनामा आणि घराचे वर्णन, मृत्यूची तार आणि मृत्यूवरचा अभंग. विषय सारखा ठेवला की फरक विषयात नाही हे वाचणाऱ्याच्या आपोआप लक्षात येते, आणि मग तो फरक कुठे आहे हे पाहायला डोळे मोकळे होतात.

शाळेत हा प्रश्न आपण फार लवकर मिटवून टाकतो. दहावीच्या कुमारभारतीत कविता एका विभागात असते. पत्र, जाहिरात, बातमी ही ‘उपयोजित लेखना’त. कवितेचे रसग्रहण करायचे, बातमी तयार करायची. परीक्षेच्या सोयीसाठी हे ठीक आहे, पण दोन विभागांच्या मधल्या भिंतीत दार नाही. बातमीकडे रसिकाच्या नजरेने पाहता येते, कवितेत एखादा हिशेब असू शकतो, हे शिकणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही. शाळा सोडताना त्याच्या मनात काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात: साहित्य म्हणजे अलंकार, साहित्य म्हणजे कल्पनेतले काहीतरी, साहित्य म्हणजे शुद्ध आणि भारदस्त भाषा. या समजुती पुढे आयुष्यभर टिकतात आणि वाचनाच्या आड येतात. त्यांचे काय करायचे, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबवावी लागणार आहे.

अलंकारांपासून सुरुवात करू. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, असे सांगतात. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात त्या पत्राचा आशय नोंदवला आणि तेव्हापासून ते पत्र मराठी माणसाच्या तोंडी आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्द्याची गणती होत नाही, हा तो आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे सैन्य. अलंकारच मोजायचे तर ओळीओळीत रूपक आहे. पण लिहिणाऱ्याला अलंकार साधायचा नव्हता. पत्र शत्रूच्या मुलखातून जायचे होते. बातमी व्यापाराच्या वेषात लपवायची होती. ज्याला किल्ली ठाऊक त्याने वाचावे, उलगडावे आणि विसरावे, अशी ती योजना. रूपक इथे कुलपासारखे वापरले आहे, आणि कुलूप उघडल्यावर त्याचे काम उरत नाही.

मग हे पत्र आपण आजही का विसरत नाही? माझ्या मते त्याच्या शेवटच्या भागामुळे. मोती दोन, मोहरा सत्तावीस, इथवर सावकार मोजतो आहे. मोजणे हाच त्याचा धंदा. आणि खुर्द्यापाशी येऊन तो थांबतो. ज्याच्या हाताला पै-पैचा हिशेब सवयीचा, त्याला हिशेब मांडता येत नाही. सामान्य शिपाई किती मेले हे तो सांगू शकत नाही, आणि ते न सांगता येणे हेच त्या पत्रातले सर्वांत मोठे सांगणे होऊन बसते. रूपकाची किल्ली आपल्याला केव्हाच मिळाली आहे, तरी हा भाग उलगडून संपत नाही. व्यापारी पत्र तिथे वार्तेची हद्द ओलांडते, बहुधा लिहिणाऱ्याच्याही नकळत.

भाषेच्या शुद्धतेबद्दल फार लिहायची गरज नसावी. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हाच तो प्रश्न निकालात निघाला. मुंबईच्या लाल दिव्यांच्या वस्तीतले शब्द त्या कवितांत जसेच्या तसे आले, आणि प्रस्तावना लिहायला बसलेल्या विजय तेंडुलकरांना त्यांतले कित्येक शब्द कळले नाहीत. तेंडुलकर कवीबरोबर त्या वस्तीत गेले, शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि हे सगळे त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे लिहिले. मराठीचा एक मोठा नाटककार कवितेपुढे विद्यार्थी होऊन बसला, ही घटना मला त्या पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटते. जे शब्द कोणत्याही कोशात नव्हते, त्यांनी मराठी कवितेची भाषा किती मोठी असू शकते हे दाखवून दिले.

आता दुसऱ्या काठावर जाऊ. खरेदीखत कधी सावकाश वाचून पाहावे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे दोघे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच नावाने वावरतात. दहा वेळा आले तरी त्यांना कोणी दुसरा शब्द वापरत नाही. मग मिळकतीचे वर्णन येते, गट नंबर, क्षेत्र, आकार. मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस ओढा, उत्तरेस तमक्याचा बांध. कथेत ही पुनरुक्ती कंटाळवाणी झाली असती. खतात ती सद्गुण आहे, कारण एका वस्तूला दोन नावे दिली की उद्या कोणीतरी कोर्टात उभा राहून त्या दोन वस्तू होत्या असे म्हणेल. दस्तलेखकाचे सारे कौशल्य अर्थाची दारे एकेक करून बंद करण्यात असते. शेवटी एकच अर्थ आत राहिला पाहिजे आणि तो पन्नास वर्षांनी, दोन्ही पक्षांच्या नातवंडांनी वाचला तरी तोच निघाला पाहिजे. हे सोपे काम नव्हे. चांगले खत, चांगली नोटीस, औषधाच्या पाकिटावरची नेमकी सूचना लिहिणाऱ्यांबद्दल मला खरा आदर आहे. साहित्य वरच्या पायरीवर आणि रोजचे लेखन खालच्या पायरीवर, अशी उतरंड या पुस्तकात कुठेही गृहीत धरलेली नाही.

पण याच खतावर फरकाची पहिली खूण सापडते. तेच खत दुसऱ्या दस्तलेखकाने त्याच्या शब्दांत लिहिले, वाक्ये मागेपुढे केली, तरी सीमा, रक्कम आणि सह्या बरोबर असतील तर व्यवहाराला काही बाध येत नाही. मजकूर बदलला, काम तेच राहिले. साहित्याला असा दुसरा दस्तलेखक चालत नाही. ‘सरळ अर्थ लिहा’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मूल कवितेतली सगळी माहिती उत्तरात आणू शकते, आणि तरी कविता उत्तरात आलेली नसते. ती मुलाची चूक नाही. कवितेत काय म्हटले आहे ते कसे म्हटले आहे यापासून सोडवून घेता येत नाही, एवढेच.

हे सर्वांत लख्ख दिसते ते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये, म्हणून या पुस्तकात त्याला सर्वाधिक पाने दिली आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता कानी आली म्हणून 1857 साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. सुमारे 25 वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी जे पाहिले ते लिहून काढले. पुस्तक लिहावे, लेखक व्हावे, असा विचार त्यांच्या मनाला शिवला असण्याचा संभव नाही. यजमानाने विचारले, भटजींनी सांगितले. आणि कल्पनेने रचलेले काही सांगावे हा त्यांचा हेतू नव्हताच. साक्षीदाराने आपली साक्ष लिहून द्यावी तसे हे लेखन आहे.

झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. 1858 च्या मार्च-एप्रिलमधल्या त्याच दिवसांविषयी इंग्रज सेनापती सर ह्यू रोज यांचे लष्करी अहवालही आहेत. सेनापतीचा अहवाल सेनापतीला शोभेल असाच आहे: तोफा कुठे मांडल्या, तटाला खिंडार कधी पडले, चढाई कोणत्या बाजूने झाली, आपली माणसे किती कामी आली. वरच्या अधिकाऱ्याने तो वाचून पुढचा हुकूम काढायचा आहे, म्हणून त्यात जे हवे ते सारे आहे. गोडसे भटजी तटाच्या आतल्या बाजूला आहेत. त्यांच्या लिहिण्यात गोळे येतात ते वरून, कोणी टाकले हे न दिसता. पाणी मिळत नाही. हलवाईपुऱ्याला लागलेली आग आहे, घरात शिरून माणसे मारणारे शिपाई आहेत, लपायची जागा शोधणारे लोक आहेत. आणि राजवाड्यातल्या पुस्तकांचा नाश झाला त्याचे दुःख आहे. वेद-शास्त्रांच्या पोथ्यांवर ज्याचे पोट आणि ज्याचा जीव, त्या माणसाने ते लिहिले आहे. दोन्ही मजकूर खरे आहेत. एकात झाशी पडते. दुसऱ्यात झाशीत राहणाऱ्यांवर काय कोसळते ते कळते.

त्या पुस्तकातला मला सर्वांत थोर वाटणारा प्रसंग लढाईचा नाही. झाशी सोडून काल्पीकडे निघालेली राणी वाटेत एका विहिरीपाशी भटजींना भेटते. ती तहानेने व्याकूळ आहे. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते; विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घेणे तिला योग्य वाटत नाही. मडके विहिरीत सोडून ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मग बोलताना म्हणते की तिच्यापुरते पाहिले तर तिला अर्धा शेर तांदूळ पुरले असते.

बातमी म्हणून यात जेवढे आहे तेवढे एका वाक्यात मावते: राणी काल्पीच्या वाटेवर भेटली, तिला तहान लागली होती. उरलेले सगळे वार्तेच्या दृष्टीने जास्तीचे आहे. पाणी कोणी काढले याने इतिहासाचा ओघ बदलत नाही. पण त्या जास्तीच्यातच राज्य गेलेली बाई अजूनही राणीच कशी आहे ते दिसते. सारे हातचे गेले आहे. कोणाकडून कोणती सेवा घ्यावी याचे भान मात्र गेलेले नाही. भटजी यावर भाष्य करत नाहीत. ती थोर होती, धीराची होती, अशी विशेषणे तिथे ओतली असती तर प्रसंग फुटला असता. त्यांनी मडके, ओंजळ आणि तांदूळ एवढेच ठेवले.

त्या अर्ध्या शेर तांदळापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आकडा हा वार्तेचा खास प्रांत मानला जातो. गोडसे भटजी हिशेबी गृहस्थ आहेत. कुठे किती दक्षिणा मिळाली हे ते लिहितात आणि वाचणारा ते माहिती म्हणून वाचतो. त्याच हाताने लिहिलेला अर्धा शेर मात्र माहिती राहत नाही. त्याच्या एका बाजूला विधवेचे एकवेळचे जेवण आहे आणि दुसऱ्या बाजूला झाशीची गादी आहे, आणि वाचणारा नकळत दोन्ही पारड्यांकडे पाहत राहतो. हिशेबातला आकडा बरोबर असावा लागतो. इथल्या आकड्याला वजन असावे लागते. तो पाऊण शेर असता तर इतिहासाच्या दृष्टीने काही बिघडले नसते, पण वाक्य सैल पडले असते.

या ग्रंथाची पुढची हकीकतही आपल्या विषयाच्या कामाची आहे. 1907 साली वैद्यांनी तो छापला तेव्हा भाषेत आणि मांडणीत बरेच फेरफार केले. भटजींची जुनी वळणे काढून सुशिक्षितांच्या मराठीजवळ ती नेली. हेतू चांगलाच होता. तरीही 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांना मूळ हस्तलिखितावरून तो पुन्हा प्रसिद्ध करावासा वाटला. 1857 ची माहितीच हवी असती तर वैद्यांची प्रत पुरेशी होती. घटना त्याच, माणसे तीच. पोतदारांना भटजींचा स्वतःचा आवाज परत हवा होता, आणि तो शब्दांच्या क्रमात, अर्धवट सोडलेल्या वाक्यांत, वरसईच्या बोलण्याच्या लकबींत होता. ज्या मजकुराचा आवाज परत मिळवण्यासाठी विद्वान माणूस असे कष्ट घेतो, तो मजकूर वार्तेच्या पलीकडे गेला आहे, याला आणखी पुरावा कशाला हवा?

असे मराठीत पहिल्यांदा घडले ते फार पूर्वी. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले त्यांना गाठून विचारले, एकाची आठवण दुसऱ्याशी ताडून पाहिली. त्याची निष्ठा अचूकतेवर होती. स्वामींचे शब्द बदलू नयेत हा त्याचा ध्यास. ‘लीळाचरित्र’ हे मराठी गद्याचे आद्य वैभव ठरले ते या ध्यासामुळेच, कारण शब्द न बदलण्याच्या निष्ठेतून त्या काळची बोलणारी माणसे जशीच्या तशी राहिली. म्हणजे साहित्य लिहायचे ठरवले तरच साहित्य होते असेही नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जुने झाले की काहीही आपल्याला साहित्य वाटू लागते का? पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले लक्षावधी कागद आहेत. त्यांतले बहुतेक आजही दस्तऐवजच आहेत, इतिहासकाराला सोन्यासारखे आणि इतरांना मुके. काळाने कागद पिवळा होतो. त्याचे साहित्य होत नाही. ज्या कागदातले काही त्याचे काम संपल्यावरही बोलत राहते, तोच पुढे वाचला जातो.

काम संपणे ही गोष्ट मी वारंवार म्हणतो आहे, म्हणून तिचा गैरसमज होऊ नये. साहित्य निरुपयोगी असते, असे म्हणणारी एक सौंदर्यवादी परंपरा आहे. मला ती मराठी अनुभवाशी जुळत नाही. आपले बहुतेक जुने साहित्य कामाला जुंपलेले होते. आरती पूजेसाठी, पोवाडा स्फुरण चढवण्यासाठी, अभंग भजनासाठी. आणि जात्यावरची ओवी तर दळण्यासाठी. पहाटेच्या अंधारात जड दगड फिरवायला हाताला जोर आणि मनाला सोबत मिळावी म्हणून. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, सीतेचा वनवास आहे, बाबासाहेब आहेत. गावात पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, ओवीचे काम संपले. ओवी संपली नाही. खरेदीखताची जमीन पुन्हा विकली की जुने खत फायलीत जाते. ओवीचे जाते थांबले तरी ती ऐकणाऱ्याचा गळा अजून दाटतो. बहिणाबाई चौधरींची गाणीही शेतात आणि घरात काम करतानाच जन्मली. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. थक्क होण्यासारखे त्यात होतेच; पण जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या काय चालले होते हे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या कानी आजवर गेले नव्हते, हेही त्यात होते.

उलटा प्रवासही होतो. साहित्य रोजच्या लेखनाचे साचे उचलते आणि त्यांच्याकडून वेगळेच काम करून घेते. महात्मा फुल्यांच्या 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या घराचे वर्णन येते. ते वस्तूंच्या यादीसारखे सरकत जाते, जवळपास पंचनाम्यासारखे. पंचनाम्यात वस्तू मोजल्या जातात त्या कोणीही मोजाव्यात तशा. फुल्यांच्या यादीत नजर फिरवणारा माणूस जागा आहे. एकेका वस्तूबरोबर त्याचा संताप चढत जातो, आणि वाचणाऱ्याला तो आपल्याच छातीत चढत असल्याचे जाणवते. अरुण कोलटकरांनी ‘तक्ता’ या कवितेत शाळेच्या भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता घेतला, प्रत्येक अक्षराला एक चित्र, प्रत्येक चित्राला एक चौकोन. जो तक्ता आपण सगळ्यांनी अक्षरे शिकण्यापुरता पाहिला आणि सोडून दिला, त्याच्याकडे ते इतके टक लावून पाहतात की आपापल्या चौकोनात बंद असलेले ते जग अचानक विचित्र, थोडे भीतिदायक वाटू लागते. तक्ता बदललेला नाही. घाईने पाहण्याची आपली सवय तेवढी मोडली आहे.

म्हणजे वाचणाऱ्याचाही यात वाटा आहे, आणि तो वाटा त्याने नीट उचलला नाही तर अनर्थ होतो. 1947 साली बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मर्ढेकर निर्दोष सुटले, तरी खटला उभा राहिला हेच बोलके आहे. शब्द ओळीतून उपटून टेबलावर मांडले की ते कवितेतले शब्द राहत नाहीत. पुराव्यातल्या वस्तू होतात. मर्ढेकर कवी होते तसेच कलाविचाराचे कसून चिंतन करणारे समीक्षक होते, आणि साहित्यकृतीतला प्रत्येक घटक इतर घटकांशी असलेल्या संबंधातूनच अर्थ घेतो, संवाद, विरोध आणि समतोल यांच्या लयीतून ती उभी राहते, हे मराठीत त्यांनीच आग्रहाने मांडले. त्यांच्याच शब्दांना एकेकटे करून तपासले जावे, याहून खेदाची गोष्ट कोणती?

कादंबरीतल्या पात्राचे मत लेखकाचे मत समजून त्याच्यावर तुटून पडणारे वाचक आजही तीच चूक करतात. आणि याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. आपण साहित्याला अहवालासारखे वाचतो आणि अहवालाला साहित्यासारखी सूट देतो. अपघाताच्या बातमीत ‘काळाने घाला घातला’ असे वाक्य आले की आपण हळहळून पुढे जातो; रस्त्यावर खड्डा कोणाचा होता, गाडीचे ब्रेक कोणी तपासायचे होते, हे विचारत नाही. त्या जागी रूपक येऊन बसले आहे आणि माहिती बाहेर उभी आहे. नोटिशीत ‘प्रशासकीय कारणास्तव’ असे दोन शब्द आले की कारण सांगितल्याचा भास होतो. जिथे एकच नेमका अर्थ मागण्याचा आपला हक्क आहे तिथे आपण तो सोडून देतो. खरेदीखत वाचणाऱ्याने जशी चतुःसीमा मागावी, तशी बातमीकडे आणि सरकारी कागदाकडे कर्त्याची मागणी केली पाहिजे: हे कोणी केले, कधी केले, कोणाच्या सहीने केले. हे पुस्तक कवितेची गोडी लागावी म्हणून केले आहे हे खरे, पण या दुसऱ्या कारणाचा आग्रह मला तेवढाच आहे. दोन्ही प्रकारचे लेखन आपापल्या जागी ओळखणारा वाचक ओवीशी कोरडेपणाने वागत नाही आणि नोटिशीला भुलत नाही.

नाटके या संग्रहात घेतलेली नाहीत. नाटकाचे वाक्य नटाच्या तोंडी आणि प्रकाशात उभे राहिल्यावर पुरे होते, त्याच्या तुलनेसाठी दुसरी मांडणी लागेल. समाजमाध्यमांवरचे लेखनही घेतलेले नाही. त्यांतले काय टिकते ते अजून ठरायचे आहे.

जोड्या कोणत्याही क्रमाने वाचता येतील. आधी कामाचा मजकूर वाचावा आणि त्याचे काम काय, ते कोणासाठी, कधी पुरे होते, हे स्वतःशी नक्की करावे. मग शेजारचा उतारा मोठ्याने वाचावा, आणि त्यातला एखादा शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालून पाहावा. काही ठिकाणी काहीच बिघडणार नाही. तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. थोर लेखकाची प्रत्येक ओळ अढळ असते असे मानण्याची सक्ती नाही. जिथे बिघडेल तिथे नेमके काय बिघडले, लय की वजन की बोलणाऱ्याचा स्वभाव, हे शोधावे. शिक्षकांना विनंती आहे की या शोधाचे उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये.

जुन्या उताऱ्यांचे लेखन आजच्या नियमांप्रमाणे सुधारलेले नाही. गोडसे भटजींचे उतारे मूळ हस्तलिखितानुसार छापलेल्या आवृत्तीतून घेतले आहेत, आणि ओव्यांतली बोलीरूपे गाणाऱ्या बायकांच्या तोंडी होती तशीच ठेवली आहेत. अवघड शब्दांचे अर्थ त्या त्या पानाखाली आहेत, परंतु पहिल्या वाचनात तिकडे नजर टाकू नये; मडके, ओंजळ आणि तांदूळ हे शब्द कोणालाही अवघड नाहीत, आणि बाकीचे त्यांच्या सोबतीने कळत जातात.